आधी कातडे, मग डबी : बूटपॉलिशच्या रंगाची निवड
(प्रस्तावना)

चामड्याच्या बुटाला कोणत्या रंगाचे पॉलिश लावावे हा प्रश्न दुकानातल्या डब्यांच्या फळीसमोर उभे राहिल्यावर पडतो. त्याचे उत्तर मात्र बूट कोणत्या कातड्याचा आहे, ते कशाने कमावले आणि त्यावर रंग कसा चढवला यात असते. काळ्याला काळे, तपकिरीला तपकिरी ही रीत बहुतेक घरांत चालते आणि काळ्या बुटापुरती ती बरीचशी बरोबरही आहे. तपकिरी या एका नावाखाली मात्र मधाळ पिवळटापासून काथाच्या लालीपर्यंत आणि तिथून करपट कॉफीपर्यंत सगळे येते. डबीवर नुसते ‘ब्राउन’ छापलेले पॉलिश या सगळ्यांना सारखे लागू पडणे शक्य नाही. लग्नाच्या आदल्या रात्री टॅन बुटाला घरातली तपकिरी डबी फासली जाते आणि सकाळी बुटाचा पंजा एका रंगाचा, टाच दुसऱ्या रंगाची दिसते, ते यामुळेच.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय मांडण्याला कारण आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांत पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेही ओलसर लागतात. तोच पाऊस पूर्वेला नसरापूर-किकवीकडे, महामार्गाच्या अंगाला, बराच उतरतो आणि उन्हाळ्यात तिथे धूळ राज्य करते. वरच्या पठारांवर तांबडी माती, खाली मुरूम आणि काळी जमीन. चामड्याचा बंद बूट हा इथला रोजचा पेहराव नाही. कोर्टात उभे राहणारे वकील, शाळेतले शिक्षक, शिरवळच्या बाजूला कारखान्यांच्या कचेऱ्यांत जाणारी मंडळी सोडली, तर तो लग्नसराईत, सत्कारात किंवा मुलाखतीच्या दिवशी कपाटातून निघतो. म्हणजे इथला बूट चालून कमी आणि पडून जास्त खराब होतो. त्याचा रंग उडण्याची, डागळण्याची आणि काळवंडण्याची कारणे शहरातल्या बुटापेक्षा थोडी वेगळी असतात, आणि पॉलिशची निवडही त्यामुळे थोडी वेगळी पडते.

दुसरे कारण जुने आहे. बारा मावळांपैकी हिरडस मावळ आजच्या भोर तालुक्यात येतो. हिर्डोशीपासून वरंधा घाटाच्या तोंडापर्यंतच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडे पूर्वापार आहेत. कोवळा बाळहिरडा औषधाकडे जातो. पक्व हिरड्याच्या सालीत आणि गरात टॅनिन भरपूर असते, आणि कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करण्यासाठी हेच टॅनिन लागते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातला हिरडा जहाजांनी विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांकडे जात असे. तिकडच्या व्यापारात त्याच्या प्रतींना इथल्या गावांची आणि बंदरांची नावे होती, आणि त्यातली एक प्रत वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखली जाई. हिरड्याच्या जोडीला बाभळीची साल. ती कोरड्या पूर्व भागात मुबलक, आणि तरवडाचीही साल वापरत. गावगाड्यात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि त्यातून वहाणा, मोट, पखाल शिवण्याचे काम चर्मकारांकडे होते. कोणत्या सालीने चामडे लाल होते, कोणत्याने फिके राहते, कशाने काळे पडते हे ज्ञान याच हातांत होते. त्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले, म्हणून त्यातले फार थोडे कागदावर उतरले.

पॉलिशच्या रंगाशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याला स्वतःचा रंग असतो. हिरड्याने ते फिकट पिवळसर, बदामीकडे झुकणारे होते; बाभळीच्या सालीने तांबूस तपकिरी. दोन्हींच्या टॅनिनची जात वेगळी असल्याने त्यांचे वागणेही वेगळे असते. बाभळीने कमावलेले चामडे उन्हात आणि उजेडात पुढेही लाल-गडद होत जाते, हिरड्याचे त्या मानाने कमी बदलते. म्हणून असे चामडे वापरलेला टॅन बूट घेतला, तर दोन वर्षांनी तो घेतलेल्या दिवसाच्या रंगाचा राहत नाही, आणि त्या वेळी त्याच्याबरोबर घेतलेली पॉलिशची डबी दोन वर्षांनी त्याला शोभेलच असे नाही. कोल्हापुरी चपलेचा रंग वापराने खुलतो तोही याच कारणाने. २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही चप्पल बाभूळ आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची असते. तिला रंगीत पॉलिशची गरज नसते. थोडे तेल पुरते.

टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करण्याची कृती जुनी आहे, आणि चामडे काळे करण्यासाठीही तीच वापरत. बुटाच्या बाबतीत हीच क्रिया नको तेव्हा घडते. वनस्पती-टॅनिनचा फिका बूट ओला असताना गंजक्या पत्र्यावर ठेवला, त्याचा खिळा गंजला किंवा लोखंडी बादलीतल्या पाण्याने तो पुसला, की त्यावर निळसर काळे डाग उमटतात. असा डाग तपकिरी पॉलिशने झाकला जात नाही. पॉलिशखालून तो आणखी मळकट दिसतो. अशा बुटासाठी दोनच वाटा उरतात: चर्मकाराकडून डाग उतरवून घ्यायचा, किंवा बूट डागाइतका गडद करायचा.

आज दुकानात मिळणारा बहुतेक बंद बूट या परंपरेतला नाही. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. काही आठवड्यांचे काम त्यामुळे दिवसांवर आले, आणि चामडे मऊ, पातळ व उष्णतेला टिकणारे मिळू लागले. हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये या पद्धतीचा पाया घातला. १९४८ साली त्याच शहरात केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहिली. क्रोमने कमावलेले चामडे ओले असताना फिकट निळे दिसते. म्हणजे या बुटाचा तपकिरी किंवा काळा रंग पूर्णपणे बाहेरून चढवलेला असतो. १८५६ साली विल्यम पर्किन यांना अपघाताने सापडलेल्या जांभळ्या रंगापासून कृत्रिम रंगांचा जो उद्योग सुरू झाला, त्याचा हा थेट वारसा आहे. असा रंग कुठे खोलवर मुरलेला असतो, तर कुठे वरच्या पातळ थरात असतो.

यावरून चामड्याच्या बुटाचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिल्यात रंग आत मुरलेला असतो आणि वर जवळजवळ काहीच थर नसतो. कातड्याची छिद्रे, बारीक रेषा दिसतात, आणि पाणी पडले की जागा गडद होते. दुसऱ्यात मुरलेल्या रंगावर हलका रंगीत थर असतो. तिसऱ्यात मूळ पृष्ठभाग घासून सपाट केलेला असतो, त्यावर रंगद्रव्याचा घट्ट थर आणि कधीकधी छापलेले दाणे असतात. मध्यम किमतीचे बहुतेक ऑफिसचे बूट या तिसऱ्या वर्गात येतात. महाराष्ट्रात म्हशीच्या कातड्याचा वापर मोठा. ते जाड आणि मोठ्या छिद्रांचे असते, म्हणून त्यावर सपाट थर देण्याकडे कारखान्यांचा कल असतो.

वर्ग ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूजवळ, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी पाण्याचा थेंब टेकवायचा. तो जिरून डाग गडद झाला तर चामडे पिणारे आहे आणि पॉलिशमधला रंगही ते पिईल. एकदा प्यायलेला रंग परत निघत नाही. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर पॉलिश फक्त वरच राहील, आणि रंगातली थोडी चूक पुढच्या सफाईत पुसताही येईल. पिणाऱ्या चामड्याशी सावध राहावे लागते, थरवाल्याशी थोडे धाडस चालते. पुढचा सगळा निवडीचा विचार याच एका थेंबावर अवलंबून आहे, तरी डबी घेताना हा थेंब टाकून पाहणारे क्वचित भेटतात.

तीन प्रकार पॉलिशच्या कक्षेबाहेर ठेवावे लागतात. केसाळ पृष्ठभागाच्या स्वेड आणि नबक बुटांना मेणाचे पॉलिश लावले की केस चिकटून बसतात, तिथे ब्रश आणि त्यासाठीचाच फवारा वापरायचा. काचेसारखा चमकणारा पेटंट बूट ओल्या फडक्याने पुसण्यावरच भागतो. तिसरा प्रकार म्हणजे चामडे नसलेलाच बूट. पीव्हीसीचा थर दिलेले ‘लेदर क्लॉथ’ बनवणाऱ्या कंपन्यांत भोरचे नाव धारण करणारी भोर इंडस्ट्रीज ही एक होती. चामड्यासारख्या दिसणाऱ्या अशा कृत्रिम पृष्ठभागाला छिद्रे नसतात. त्यावरचे पॉलिश काही वेळ चमकते, मग पॅन्टच्या घेरावर उतरते. त्याचा वरचा थर सोलवटू लागला की कोणताही रंग ते झाकू शकत नाही.

आता डबीत काय असते ते पाहावे लागेल. बूटपॉलिश म्हणजे मेणे, त्यांना मऊ ठेवणारा टर्पेंटाइन किंवा नॅफ्थासारखा द्रावक, आणि रंग. मेणांत मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे. चकाकी मुख्यतः या कठीण मेणाची असते. फडके घासताना द्रावक उडून जातो आणि मेणाचा पातळ, अर्धपारदर्शक थर मागे राहतो. काळ्या डबीत बहुधा निग्रोसीन हा रंग असतो. पातळ थरात त्याला निळसर-जांभळी झाक दिसते. १९०६ साली मेलबर्नमध्ये विल्यम रॅमसे यांनी ‘किवी’ पॉलिश बाजारात आणले, आणि त्याच वर्षी लंडनच्या चिझिक भागात ‘चेरी ब्लॉसम’ सुरू झाले. या दोन नावांनी पुढे हिंदुस्थानी घराघरांतला ब्रश व्यापला. दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, किवीने ‘डार्क टॅन’ काढले. चमक देण्याबरोबर उडालेला रंग परत आणण्याचे काम त्याने केले, आणि रंग निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाला. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांच्या थैल्यांतून जगभर पोचले.

मेणाचे पॉलिश, क्रीम आणि स्पंजाच्या तोंडाची द्रवाची बाटली या तीन गोष्टी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. क्रीममध्ये रंग जास्त आणि मेण मऊ असते. उडालेला रंग भरून काढण्याचे काम त्याचे. मेणाच्या डबीत रंग बेताचा असतो आणि तिचे काम संरक्षण आणि चमक हे आहे. द्रवाच्या बाटलीत बहुधा कृत्रिम राळेचा थर असतो. तो झटपट चकाकतो, पण वळणाच्या जागी भेगाळतो आणि खालच्या चामड्याला श्वास घेऊ देत नाही. सकाळी उशीर झालेल्या माणसाला तिचा मोह पडतो हे समजण्यासारखे आहे. पण चांगल्या बुटाला ती वारंवार लावली की नंतर कोणत्याच रंगाचे क्रीम आत जात नाही.

मेणाचा थर अर्धपारदर्शक असतो, यातून निवडीचा मुख्य नियम निघतो. डबीतला रंग बुटाच्या रंगावर बसतो, त्याची जागा घेत नाही. एक थर, मग दुसरा, मग पंधरा दिवसांनी तिसरा, असे करत बूट दर वेळी किंचित गडद होतो, आणि वळणांच्या घड्यांत, शिवणीलगत, टाचेच्या खाचेत मेण साठत असल्याने तिथे आणखी गडद. म्हणून पॉलिश बुटाच्या रंगाचे किंवा त्याहून अर्धी छटा फिके घ्यायचे. दोन डब्यांत मन अडले तर फिकी उचलायची. फिक्याचे गडद करता येते. उलटे करायचे तर मेण खरवडून, द्रावकाने पुसून, कधी मूळ रंगासकट उतरवावे लागते. याला अपवाद एकच, तो म्हणजे मुद्दाम गडद करणे. काही बुटांच्या पंज्यावर आणि टाचेवर कारखान्यातच गडद झाक दिलेली असते. ती टिकवायची तर तेवढ्या भागाला एक छटा गडद मेण आणि बाकी बुटाला त्याचे स्वतःचे, असे दोन डब्यांचे काम करावे लागते.

रंग जुळवताना गडद-फिकेपणाच्या आधी झाक पाहायची. तपकिरी रंग पिवळ्याकडे, लालकडे किंवा राखाडीकडे झुकलेला असतो. लालसर टॅन बुटाला त्याच गडदपणाचे पण पिवळट पॉलिश लावले तर तो आजारी दिसतो. पिवळट कॉग्नाक छटेच्या बुटाला लालसर लावले तर गंजल्यासारखा. झाक जुळली आणि गडदपणात थोडा फरक राहिला, तर डोळा माफ करतो. या फरकाचा सराव करायला भोर तालुक्यात सोपी जागा आहे: रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती दाखवली जाते. पिवळट, विटकरी, जांभळट, राखी, सगळ्यांना बाहेरून ‘तांबडी माती’ म्हणता येते, पण शेजारी शेजारी ठेवल्या की एकीची झाक दुसरीत बसत नाही. शिवाय तीच माती ओली असताना वेगळी आणि वाळल्यावर वेगळी दिसते. चामड्याचेही असेच होते. पावसात भिजलेल्या किंवा नुकत्याच पुसलेल्या बुटाचा रंग पाहून घेतलेली डबी वाळलेल्या बुटाला गडद पडते. बूट एक दिवस पूर्ण सुकू द्यावा, मग रंग ठरवावा.

उजेडही फसवतो. दुकानातल्या पांढऱ्या एलईडी दिव्याखाली लाल झाक मावळते. पिवळ्या बल्बखाली सगळे तपकिरी रंग गोडसर आणि जवळजवळ सारखे दिसतात. जुलैमधल्या ढगाळ निळसर उजेडात बूट असतो त्याहून काळपट वाटतो. सावलीतला, दुपारच्या आधीचा उजेड त्यातल्या त्यात खरा. दुकानाच्या पायरीवर येऊन डबीचे झाकण उघडून पाहावे, आणि दुकानदार परवानगी देत असेल तर बोटावर घेतलेले चिमूटभर पॉलिश बुटाच्या जिभेवर, नाडीच्या आडोशाला लावून पाहावे. झाकणावर छापलेल्या रंगावर अजिबात विसंबू नये; आतले मेण डबीत घट्ट असताना खूप गडद दिसते आणि फडक्यावर पसरल्यावर ते चार छटा फिके निघते.

काळ्या बुटाची निवड सोपी आहे, पण एक गैरसमज तिथे रुजलेला आहे. ‘न्यूट्रल’ म्हणजे बिनरंगी पॉलिश कशालाही चालते असे मानून ते काळ्या बुटाला नेमाने लावले जाते. वर्षभरात घड्यांमध्ये पांढरट-राखी रेषा दिसू लागतात. ते साठलेले मेण असते, आणि काळ्यावर ते लपत नाही. काळ्याला काळेच लावावे. बूट जुना होऊन हिरवट किंवा तपकिरी दिसू लागला असेल तर त्याचा मूळ रंगच उडाला आहे. तिथे नुसत्या मेणाने काम होत नाही, आधी काळे क्रीम आणि मग मेण. शाळेच्या गणवेशातल्या काळ्या बुटांना सगळ्यात जास्त पॉलिश आणि सगळ्यात कमी सफाई मिळते. आठवड्याच्या धुळीवर ब्रश न मारता पॉलिश चढवले की धूळ मेणात कायमची बसते आणि काळा बूट मातकट होतो. इथे दोष पॉलिशच्या रंगाचा नसतो, ब्रश न मारण्याचा असतो.

खाकी गणवेशाबरोबर तपकिरी बूट घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना हाच प्रश्न उलट बाजूने पडतो: रोज पॉलिश होत असल्याने बूट हळूहळू गडद होतो आणि पट्ट्याशी जुळेनासा होतो. तिथे दोन-तीन वेळा बुटाच्या रंगाचे आणि मग एकदा बिनरंगी पॉलिश अशी आळीपाळी उपयोगी पडते. पुण्याहून पानशेतकडे जाताना वाटेत लागणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि सगळ्याच सैन्यात बुटाच्या पंज्याला आरशासारखी चमक आणतात. ती अगदी पातळ थर, पाण्याचा थेंब आणि बराच वेळ यांनी येते. ही चमक फक्त टणक भागावर, म्हणजे पंजा आणि टाचेवर द्यायची असते. वळणाच्या जागी दिली की तडे जातात आणि तड्यांतून खालचा रंग डोकावतो.

काळ्या-तपकिरीच्या पलीकडच्या बुटांत मरून किंवा ऑक्सब्लड सर्वांत जास्त चुकतो. त्याला तपकिरी लावले की लाली मरते. काळे लावले की एका हातात बूट काळाच होतो. त्याच्यासाठी वाइन किंवा चेरी छटेचे क्रीम घ्यावे, आणि गावात मिळत नसेल तर बिनरंगी लावून स्वस्थ बसावे. गडद निळ्याचेही तसेच. लग्नाच्या मोसमात दुकानांत दिसणारे निळे, राखी, हिरवट बूट बहुतेक थरवाले असतात, त्यांना बिनरंगी मेण पुरते. दोन रंगांचा बूट, पांढऱ्या दोऱ्याची उठावदार शिवण आणि नक्षीदार छिद्रांचा ब्रोग यांनाही बिनरंगीच बरे, कारण रंगीत मेण दोरा रंगवते आणि छिद्रांत साठून ठिपके करते. छिद्रांतले मेण जुन्या दातांच्या ब्रशने झाडून काढता येते. बिनरंगी पॉलिशचा खरा उपयोग असा मर्यादित आहे. ते उडालेला रंग परत आणत नाही.

मावळातल्या पावसाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हात ठेवला तर चामडे आकसते, कडक होते, आणि त्याच्या रंगात ठिपके पडतात. आत वर्तमानपत्राचा बोळा, तो दिवसातून दोनदा बदलायचा, आणि वाऱ्याची सावली. चिखल ओला असताना फडक्याने टिपावा; तांबड्या मातीचा चिखल फिक्या बुटावर वाळला तर तिची झाक छिद्रांत राहते आणि मग पॉलिशही तांबूस निवडावे लागते. सुकल्यावर बुटावर पांढरे काही दिसले तर ते तीन प्रकारचे असू शकते. ओल उतरल्यावर उरलेला क्षारांचा पट्टा ओल्या फडक्याने जातो. चामड्यातली चरबी किंवा मेण थंडीत वर येऊन बसले असेल तर केस वाळवायच्या यंत्राच्या ऊबेने ते विरघळून दिसेनासे होते. ऊब देऊनही राहते आणि वास येतो ती बुरशी. ती घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची आणि ते फडके पुन्हा पॉलिशच्या कामाला वापरायचे नाही. बुरशीवर गडद पॉलिश फासून झाकणे हा वेल्ह्याच्या बाजूला सर्रास चालणारा उपाय आहे. मेणाखाली ओल कोंडल्याने पुढच्या पावसात ती दुप्पट येते. पावसाळ्याआधी बूट कपाटात ठेवताना बिनरंगी किंवा त्याच रंगाच्या क्रीमचा एक हात द्यावा, जाड मेणाचा थर नको, आणि प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कापडी पिशवी वापरावी.

काही बारीक गोष्टी रंगाच्या निवडीत धरल्याच जात नाहीत. तळाच्या कडेचा रंग वेगळा असतो आणि बहुधा बुटाहून गडद; तिला वरच्या पॉलिशचा हात लागला तर बूट मळका दिसतो, म्हणून कडेला तिच्या रंगाचा वेगळा द्राव लावतात. ब्रश आणि फडकी रंगागणिक वेगळी ठेवायची: काळ्याच्या ब्रशने टॅन बूट एकदा जरी घासला तरी त्याची झाक उरते. फिक्या रंगाची पॅन्ट घालायची असेल तर आदल्या रात्री पॉलिश करून, सकाळी सुक्या फडक्याने जोरात घासून जादा मेण काढावे. घेराला लागलेला तपकिरी पट्टा लग्नाच्या फोटोंत बुटापेक्षा जास्त उठून दिसतो.

डब्यांच्या मधला रंग हवा असेल तर गटई कामगाराकडे जाणे शहाणपणाचे. भोरच्या बाजारात, नसरापूरला, पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणारे हे कारागीर तपकिरी आणि डार्क टॅन फडक्यावरच मिसळून हवी ती छटा काढतात. असे स्टॉल त्यांना देण्याची शासनाची योजना आहे, आणि १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ चर्मकार समाजाच्या उद्योगासाठी काम करते. अरी आणि रापी हातात घेतलेल्या त्या माणसाला पाण्याच्या थेंबाचीही गरज नसते. अंगठा फिरवून तो चामडे पिणारे आहे की थरवाले हे सांगतो. त्याला घाईने ‘चमकव’ एवढेच सांगितले तर तो समोर असलेली डबी लावतो. बूट कुठल्या कपड्यावर घालायचा, आधी कोणते पॉलिश लावले होते, रंग तोच ठेवायचा की गडद करायचा, एवढे सांगितले तर काम वेगळे होते.

पॉलिशची मर्यादाही इथेच कळते. पंज्याचा रंग खरवडून खालचे फिके चामडे दिसू लागले असेल, तर मेणाने ती जागा आठवडाभर झाकली जाईल आणि पहिल्या पावसात परत दिसेल. तिथे द्रावकाने जुने मेण उतरवून चामड्याचा रंगच पुन्हा चढवावा लागतो, मग क्रीम, मग मेण. टॅनचा बूट तपकिरी, तपकिरीचा मरून किंवा काळा असा उतरत्या क्रमानेच रंगवता येतो. काळा बूट टॅन करून देतो असे कुणी म्हणाले तर तो बूट त्याच्या हातात देऊ नये.